चार नंबरला दम लागला

रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, मधोमध, फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक असायचं. प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्यावर अर्धगोल झाकण. आत बसलेलं माणूस कमरेखाली तळघरात आणि कमरेवर नाटकात. ओरुरो या आमच्या खाणींच्या शहरात, खाणकामगार युनियनच्या नाट्यगृहातल्या त्या भोकात एलोदिया कोल्के वीसेक वर्षं बसल्या. प्रॉम्प्टर म्हणून.

वाईट प्रॉम्प्टर नट विसरल्यावर शब्द देतो. तो शब्द तिसऱ्या रांगेलाही ऐकू जातो आणि प्रवेशाचं वाटोळं होतं. एलोदियाबाई नट विसरायच्या आधी शब्द द्यायच्या. विसरण्यापूर्वी माणसाचा श्वास बदलतो, हे त्यांना कळलं होतं. त्यामुळे त्या हातातल्या संहितेकडे कमी आणि नटाच्या छातीकडे जास्त बघत. भलेभले नट त्यांच्या ओठांवर जगले. पडदा पडला की सगळे ओळीनं वाकत, टाळ्या कोसळत, आणि एलोदियाबाईंना त्या भोकातून फक्त सगळ्यांचे बूट दिसत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. बुटांवरून त्या सांगायच्या, आज कोणाचं काम खरं झालं आणि कोण नुसताच ओरडला.

मग खाणी बंद पडल्या, युनियनची माणसं देशभर पांगली, नाट्यगृहात पिठाची पोती आली आणि शेवटी कुलूप आलं. एलोदियाबाईंनी साठवलेल्या पैशांतून इकिके बंदरातून आलेले सहा जुने कॉम्प्युटर घेतले, मुखवटे करणाऱ्यांच्या गल्लीतल्या स्वतःच्या पुढच्या खोलीत मांडले आणि दारावर ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली.

त्या सहा यंत्रांना त्या आपली नाटकमंडळीच समजत. एक नंबर म्हातारा, रोज सकाळी तारीख विसरायचा. दोन नंबर कधी वेळेवर उठायचा नाही. तीन नंबर काम थोडं आणि घरघर फार. पाच आणि सहा जुळे भाऊ, एक रुसला की दुसराही रुसायचा. आणि चार नंबर म्हणजे मंडळींचा नायक. त्याच्या एकट्याच्या कपाळावर चालू कॅमेरा होता. बाकीच्यांना कॅमेरा लावून पाहिला, तर समोरच्याला नुसता काळोख दिसायचा.

चार नंबरवर दर रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या आसुंताआजी बसत. त्या सकाळी आपी विकायच्या, जांभळ्या मक्याचं गरम, दालचिनी घातलेलं पेय; ओरुरोच्या थंडीत त्याच्यावाचून कोणाचा हात उघडत नाही. त्यांची मुलगी नोर्का स्पेनमध्ये, वालेन्सियाला, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करत होती. तिथेच तिला लुसेरो झाली. आजीनं नातीला आजवर पाहिलं ते चार नंबरच्या काचेतच. त्या काचेवर हात ठेवून बोलायच्या. “मी नोर्काच्या खोलीत जाऊन येते,” असं गल्लीत सांगून यायच्या.

त्या वर्षी कार्निव्हलनंतरच्या रविवारी लुसेरोचं जावळ काढायचं ठरलं. आमच्याकडे याला रुतुचा म्हणतात. पोरीच्या केसांच्या बारीक वेण्या घालतात, रिबिनी बांधतात आणि एकेक जण एकेक बट कापतो. पहिली बट ज्याच्या हातची, त्याचा आशीर्वाद पोरीला जन्मभर पुरतो असं मानतात. नोर्कानं पाहुणे बोलावले होते, मालकिणीकडून मुश्किलीनं सुटी मिळवली होती आणि आईला एकच सांगितलं होतं, “पहिली बट तुझ्याच हातची, आई. तू तिथे कात्री चालव, मी इथे चालवते. एकाच क्षणी.”

आजी तेव्हापासून आपी ढवळता ढवळता आशीर्वाद मोठ्यानं पाठ करत होत्या, इतका की गल्लीलाही तो पाठ झाला होता.

त्याआधी आला कार्निव्हलचा मंगळवार, चाल्याचा दिवस. त्या दिवशी ज्यानं आपलं पोट भरतं ते सगळं सजवायचं: घर, दुकान, मोटार, शिवणयंत्र. कागदी फिती गुंडाळायच्या, रंगीत कागदाच्या टिकल्यांची मिस्तुरा उधळायची, चार कोपऱ्यांवर बिअर शिंपडायची, म्हणजे धरतीमाय पाचामामा वर्षभर प्रसन्न. एलोदियाबाईंनीही साही कॉम्प्युटरना फिती बांधल्या आणि प्रत्येकापुढे जमिनीवर थोडी थोडी बिअर सांडली. गल्ली आत-बाहेर करत होती, बँड वाजत होता, कोण काय उधळतंय याचा हिशेब कोणीच ठेवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी चार नंबर मेला. म्हणजे चालू झाला, थोडा वेळ चांगला बोलला आणि वाक्याच्या मध्येच काळाठिक्कर पडला. पुन्हा उठवला, पुन्हा तेच.

“व्हायरस,” शेजारचे फिदेन्सिओ मास्तर दारातूनच म्हणाले. ते सैतानाचे मुखवटे करायचे आणि हाताला कायम सरस लागलेला असायचा, म्हणून एलोदियाबाईंनी त्यांना कशालाही हात लावायची बंदी केली होती.

“तुम्हाला काय ठाऊक?”

“सगळे हेच म्हणतात. न कळणाऱ्या रोगाला माझ्या आजीच्या काळी दृष्ट म्हणायचे, आता व्हायरस म्हणतात.”

एरवी यंत्रं बघायला येणारा तंत्रज्ञ कार्निव्हलमध्ये अस्वल होऊन नाचला होता आणि पाय सुजवून घरी पडला होता. त्याची बायको फोनवर म्हणाली, “तो आत्ता स्वतःच बंद पडलाय, दोन्या.” गल्लीत सगळे एलोदियाबाईंना मानानं दोन्या म्हणत. गल्लीतली दुसरी इंटरनेटची दुकानं तर रविवार उलटेपर्यंत उघडणारच नव्हती.

आसुंताआजी आल्या, बंद काचेसमोर उभ्या राहिल्या आणि शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“एलोदिया, अगं, रविवारपर्यंत उठेल ना गं हा?”

“उठवते, कोमाद्रे.” जिवाभावाच्या सखीला आमच्याकडे असंच म्हणतात.

“पोरीच्या डोळ्यांवर केस आलेत. नोर्काला पुन्हा सुटी कधी मिळायची?”

“उठवते म्हटलं ना.”

शब्द देऊन बसल्या खऱ्या. मग त्यांनी एक नंबरवर शोध घेतला: फुकट व्हायरस तपासणी. ढीगभर नावं आली. प्रत्येक जण स्वतःची छाती बडवत होता. एलोदियाबाईंना जुने दिवस आठवले, नव्या नाटकासाठी नट निवडायचे तेव्हा दारात असाच घोळका जमायचा.

सगळ्यात पुढे होता त्याला त्यांनी आधी बोलावलं. काय त्याचा प्रवेश! लाल पडदा, थरथरणारी ढाल, भोंगा. चार नंबर चालू होता तेवढ्यात त्यानं सगळं यंत्र झडझडून पाहिल्यासारखं केलं आणि निकाल दिला: दोनशे चौदा धोके. पैसे भरा, मुक्त व्हा.

आजींनी छातीवर क्रूस काढला. “दोनशे चौदा? माझ्या नोर्काच्या खोलीत?”

एलोदियाबाईंचंही तोंड उतरलं. पण काहीतरी खटकत होतं. एवढ्या मोठ्या संहितेचं वाचन इतक्यात संपलंच कसं? त्यांनी त्यालाच दोन नंबरवर बसवलं. तिथेही दोनशे चौदा. मग पाच नंबरवर. पाच नंबर तंत्रज्ञानं कार्निव्हलच्या आधीच पार पुसून नव्यानं भरला होता, त्याला अजून कोणाचं बोटही लागलं नव्हतं. भोंगा वाजला. दोनशे चौदा.

एलोदियाबाई खुर्चीत मागे टेकल्या. “मास्तर, हा पाहून बोलत नाही. पाठ केलेलं बोलतोय.”

“म्हणजे?”

“आमच्याकडे एक होता. समोरची नटी रडतेय की हसतेय, बघायचाच नाही. ती आजारी पडली आणि बदली बाई उभी केली, तरी तिला म्हणाला, काय हे तुझे काळेभोर केस. तिचे पांढरे होते.”

मास्तर खो खो हसले. पण त्या नटाला हाकलणं सोपं नव्हतं. एकदा रंगमंचावर आलेला उतरायलाच तयार नाही. पुसला तरी कोपऱ्यातून डोकं काढून विचारायचा, खरंच जाऊ का, तुम्ही धोक्यात आहात. तीन यंत्रांवर त्याला स्वतःच्या हातानं चढवलं होतं, त्याला उतरवण्यात त्यांची सगळी दुपार गेली. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. “टाळ्या बघून घेतला मी त्याला,” एवढंच म्हणाल्या.

दुसरा शोधला तो अगदी मागे उभा होता. करडं पान, चित्र नाही, भोंगा नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वेळ लागेल. एलोदियाबाईंना तो बघताक्षणी आवडला. इंटरनेटची तार बारीक, म्हणून त्यांनी बाकीची सगळी यंत्रं बंद केली आणि खेळायला आलेल्या पोरांना परत पाठवलं. चार नंबर मध्येच मरायचा, त्या त्याला थोडी विश्रांती देऊन उठवायच्या, तपासणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकेक कप्पा वेगळा करून तपासायचा असं त्यांनी ठरवलं. पडद्यावर एकेका फाइलचं नाव सरकत होतं आणि त्यांचे ओठ नकळत त्याबरोबर हलत होते.

“दोन्या, कोणाला प्रॉम्प्ट करताय?” मास्तरांनी दारातून विचारलं.

“कोणाला नाही. हा विसरत नाही. हळू बोलतो, पण प्रत्येक शब्द उच्चारतो. ऐका जरा.”

त्या करड्या नटाला खरंच काहीतरी सापडलं. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून एक किडा आला होता. तो पोरांचे गृहपाठ लपवायचा आणि त्याजागी खोटी दारं उभी करायचा. एलोदियाबाईंनी किडा काढला, गृहपाठ परत आले, गल्लीत बातमी गेली. आसुंताआजी आपीचा मोठा पेला आणि तळलेली पुरी घेऊन आल्या. पेला यंत्रापासून दूर ठेवायला लावून एलोदियाबाईंनी चार नंबर सुरू केला. सगळे बघत होते. चार नंबर बोलला, हसला, आणि काळा पडला.

 आजींनी दूर ठेवलेला पेला उचलला. “मी मंगळवारी नीट चाल्या केली होती गं याची,” त्या हळूच म्हणाल्या. “कमी पडलं का काही?”

“तुझं नाही कमी पडलं,” एलोदियाबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी व्हायरसचा नाद सोडला आणि यंत्राची निगा राखणारी फुकटची अवजारं धुंडाळली. एकानं केरकचरा काढला. चार नंबर हलका झाला, पण मरायचा थांबला नाही. दुसऱ्यानं फायली ओळीत लावल्या. तेही झालं. तिसरं अवजार अगदी चिमुकलं होतं. ते काही दुरुस्तच करत नव्हतं, नुसता एक आकडा दाखवत बसायचं. एलोदियाबाईंना वाटलं, हा हवामान सांगतोय. आकडा साठ होता. मग सत्तर. मग ऐंशीच्या पुढे.

“मास्तर, हा म्हणतोय ओरुरोत ऐंशी अंश.”

मास्तर शालीत गुरफटून दारात उभे होते, तोंडातून वाफ निघत होती. “त्याला म्हणावं बाहेर ये.” मग जवळ येऊन त्यांनी वाकून पाहिलं. “बाहेरचं नव्हे हो दोन्या, हे त्याच्या पोटातलं असेल. ऐंशी! माझ्या मुखवट्यात नाचणारासुद्धा एवढा तापत नाही.”

तेवढ्यात चार नंबर गेला. पण या वेळी एलोदियाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या ऐकत होत्या. आकडा चढत होता तसा खोक्यातला आवाज बदलत गेला होता: आधी सरळ, मग आखूड, मग घशात अडकल्यासारखा, आणि मग शांतता. हा आवाज त्यांना चांगला ठाऊक होता. इतके दिवस त्या चेहऱ्याकडे बघत बसल्या होत्या आणि छातीकडे बघायचं राहून गेलं होतं.

“याला श्वास पुरत नाहीये.”

मास्तरांनी मान डोलावली. “एका वर्षी मी एका पोराचा मुखवटा रंगवला आणि नाकपुड्या रंगानं बुजल्या. चौकापर्यंत नाचला आणि आडवा. आत जिवंत माणूस आहे, हे रंगवताना विसरलो होतो.”

“पेच फिरवायचा पाना असेल तुमच्याकडे. म्हणजे फिरवायचं ते, चपटं.”

“आहे. हात लावू देणार का?”

“तुम्ही आणा फक्त.”

पेच निघाले, पत्रा सरकला. आतला पंखा दिसत नव्हता. पंख्याच्या जागी एक फूल होतं. गुलाबी आणि पिवळ्या कागदी टिकल्यांचा, बिअरनं घट्ट चिकटलेला, पाकळ्यापाकळ्यांचा गोळा. खोक्याच्या मागच्या जाळीतून कोणीतरी मूठच्या मूठ आत सोडली होती, वर बिअरही दिली होती. बाकीच्या पाचांना बाहेरून उडालेल्या चार टिकल्या. चार नंबरला ओंजळी भरभरून. पार आतपर्यंत पोचावी म्हणून.

मास्तर बघत राहिले. गल्लीत गुलाबी-पिवळीच मिस्तुरा घेणारं माणूस एकच होतं. लुसेरोच्या रिबिनींचे ते रंग होते, आणि आजींचं ते सगळ्यांना सांगून झालं होतं.

“ही मूठ कोणाची ते मला...”

“मास्तर,” एलोदियाबाई म्हणाल्या, “विंगेतलं विंगेत.”

मास्तर वळले. घरी जाऊन मुखवट्याच्या पापण्या रंगवायची सगळ्यात बारीक कुंचली घेऊन आले. एलोदियाबाईंनी ती स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिकली सोडवली. दुपार सरली. पंखा फिरला. आवाज सरळ आला आणि सरळच राहिला. चिमुकल्या अवजाराचा आकडा पन्नाशीच्या आत येऊन निवांत बसला.

संध्याकाळी आजी आल्या. “मिळाला का गं व्हायरस?”

“मिळाला.”

“कसा होता?”

एलोदियाबाईंनी कुंचलीचं टोक पुसलं. “गुलाबी. मधेमधे पिवळा.”

आजींचा हात तोंडावर गेला. “आणि आता?”

“गेला.”

मास्तरांना एकदम खोकला आला आणि ते बाहेर गेले.

रविवारी दुपारी खोली भरली. आसुंताआजी नवी शाल आणि शिंप्याची मोठी कात्री घेऊन चार नंबरसमोर बसल्या. एलोदियाबाईंनी खोक्याचा पत्रा अजून लावला नव्हता; मोकळा वारा लागू दे, म्हणून त्या स्वतः शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, एक हात पंख्याच्या झुळकेवर. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता. आजींचे बूट तेवढे दिसत होते.

वालेन्सियात संध्याकाळ होती. नोर्काचा आवाज आला, मग पाहुण्यांचा गलका, मग लुसेरोचं काहीतरी बोबडं. नोर्का म्हणाली, “आई, सांग आता. सगळे गप्प आहेत.”

आजी म्हणाल्या, “लुसेरो, माझ्या बाळा, ज्या डोक्यावरून हे केस उतरतायत...”

यंत्राचा श्वास सरळ होता. पण दुसरा एक श्वास बदलला. वरून, शालीतून. एलोदियाबाईंनी बुटांकडे पाहिलं. उजवा पाय डाव्यावर चढला होता. ओठ न हलवल्यासारखं करून त्यांनी खालून शब्द दिला, “त्या डोक्यावर...”

“...त्या डोक्यावर कधी ओझं पडू नये,” आजी म्हणाल्या, जणू कधी थांबल्याच नव्हत्या.

“आणि पडलं तर...”

“...आणि पडलं तर धरायला दोन हात शेजारी असावेत. इथले नसले तर तिथले.”

तारेतून आवाज पोचायला जरा उशीर लागतो, हे एलोदियाबाईंनी आधीच ताडून ठेवलं होतं. पलीकडे नोर्काचा हुंदका येऊन गेला, त्यानंतर एक श्वासभर, तिनं कात्री उचलेपर्यंत, त्या थांबल्या आणि आजींना हळूच म्हणाल्या, “आता.”

ओरुरोत आजींनी हवेत कात्री चालवली. वालेन्सियात बट कापली गेली. दोन्ही कात्र्यांचा आवाज एकच आला. खोलीतल्या कोणाला तिसरा आवाज, जमिनीवरून आलेला, ऐकू गेला नाही. नोर्कानं नंतर कळवलं की आईनं काय छान म्हटलं, अडखळली नाही, रडलीही नाही. छोट्या स्पीकरमधून टाळ्या वाजल्या, इथे गल्लीही टाळ्या वाजवू लागली. एलोदियाबाईंनी बुटांकडे पाहिलं. आज काम खरं झालं होतं.

सगळ्यांचं बट कापणं झालं, काच मिटली. आजी उठल्या, डोळे पुसले आणि शालीखालून एक फुगलेली पिशवी काढली. मिस्तुरा. गुलाबी-पिवळी.

“यानं माझी लाज राखली. आधी याची पूजा करते.”

खोक्याचा पत्रा उघडा होता. मास्तर दारात श्वास रोखून उभे. एलोदियाबाई उठल्या त्या अशा, की त्यांच्या गुडघ्यांवर कोणी वयाचा आरोप केला नसता. खांद्यावरची शाल काढून त्यांनी खोक्यावर पांघरली आणि चारी बाजूंनी खोचली.

“थांब, कोमाद्रे. नुकता आजारातून उठलाय. डोकं झाकल्याशिवाय नाही.”

“बरोबर,” आजी म्हणाल्या. “ते माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि त्यांनी शालीवर मनसोक्त उधळली.

पुढच्या कार्निव्हलला आजींनी स्वतःच मुखवटेवाल्यांच्या चिंध्यांतून साही यंत्रांना झालरी लावलेल्या टोप्या शिवल्या. मंगळवारी त्या घातल्यावरच चाल्या होऊ लागली. मग गल्लीतल्या इतर दुकानांनीही शिवून घेतल्या. आता कोणी विचारलं तर सांगतात की हे पूर्वीपासूनच आहे.

एकदा बाजारातून आलेल्या एका नव्या बाईनं दारात उभं राहून विचारलं, यांना टोप्या कशाला? आसुंताआजी पुढे झाल्या. एलोदियाबाई मागे, एक नंबरची तारीख नीट करत बसलेल्या.

“कार्निव्हलमध्ये एक गुलाबी व्हायरस येतो,” आजी ठसक्यात सांगू लागल्या. “फार वाईट. कितीही तपासण्या करा, फुकटच्या काय आणि पैशाच्या काय, कोणाला म्हणून सापडत नाही. तो फक्त...” त्या थांबल्या.

“ऐकून,” मागून हलकेच आलं.

“...फक्त ऐकून सापडतो,” आजी म्हणाल्या, आणि नव्या बाईला आत घेऊन आल्या.